गाण्यांचे कपडे

भगवंताने सूर निर्माण केला आणि त्याला देह दिला नाही. डोळ्यांना दिसावा असा रंग नाही, हाताला लागावा असा आकार नाही. माणसाने त्या निराकाराला काळ्या तबकडीच्या रेघांत बसवले, आणि तबकडीला धूळ लागू नये, ओरखडा पडू नये म्हणून तिला कागदाचे पाकीट घातले. जग सुरावर प्रेम करते. थोडी माणसे तबकडीवर करतात. जिची ही कथा आहे त्या माउलीने मात्र जन्मभर प्रेम केले ते त्या कागदाच्या पाकिटावर.

सारी गल्ली तिला मावशी म्हणे. गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या तिरप्या जागेत तिचे इस्त्रीचे टेबल. टेबलावर जाड कांबळे, कांबळ्यावर जुनी चादर, चादरीवर तपकिरी डागांची नक्षी. एका हाताशी पाण्याची वाटी, दुसऱ्या हाताशी कोळशाची जड इस्त्री, आणि कोपऱ्यात सुई-दोऱ्याची डबी. ती डबी कशाला? तर एकाचा कपडा दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून मावशी प्रत्येक कपड्याच्या आतल्या कडेला दोऱ्याची खूण घाली. डॉक्टरांच्या कोटाला एक गाठ, मास्तरांच्या सदऱ्याला दोन, लॉजच्या चादरींना आडवा टाका. डोळे मिटून बोट फिरवले तरी कपडा आपल्या धन्याचे नाव सांगे.

पाकिटांचा नाद तिला लागला तो याच टेबलावर. सदऱ्याची घडी ताठ राहावी म्हणून आत एक कागद सरकवायचा असतो. त्यासाठी ती रद्दीचा गठ्ठा आणी. एकदा त्या गठ्ठ्यातून हाती आले एक नारिंगी पाकीट. त्यावर छापलेली नाव, नावेला फुगलेले शीड, आणि शिडाच्या ऐन मधोमध एक वाटोळे भोक, जणू कोणी तिथला चंद्र काढून नेला होता. मावशीने ते डोळ्यासमोर धरले. भोकातून गल्ली दिसली. सायकल, मांजर, वाळत घातलेला टॉवेल. रोजचीच गल्ली, पण त्या नारिंगी कडेतून पाहताना ती कोणाच्या तरी स्वप्नात पडल्यासारखी दिसत होती. त्या दिवशी मास्तरांचा सदरा कागदाविनाच घरी गेला.

मग मावशी जुन्या बाजारात जाऊ लागली. तिथे फुटपाथवर चादर पसरून एक दुकानदार जुन्या तबकड्या विकत असे. मावशी त्याच्यापुढे उकिडवी बसे, एकेक पाकीट उजेडात धरून पारखी, आणि प्रत्येकाच्या बदल्यात आपल्या हातांनी चिकटवलेले कोरे पांढरे पाकीट देई. तबकडी त्या पांढऱ्या पाकिटात परत त्याच्या चादरीवर जाई.

"मावशी, लोक शेंगा नेतात, तुम्ही टरफलं नेता," तो म्हणे.

"दाणे तुला लखलाभ. तुझं दुकान माझ्यामुळं नीटनेटकं दिसतंय, ते बघ."

"दिसतंय खरं. पण एकदा तरी ऐका हो आत काय आहे ते!"

"वाजवायला यंत्र कुठंय माझ्याकडे? आणि मी कपड्यावरून माणूस ओळखते, गाणं नाही ओळखणार?"

तिचे यजमान कुलपे दुरुस्त करत. किडकिडीत, मवाळ गृहस्थ. खिशात सदा किल्ल्यांचा खुळखुळाट. ते चिडवत, "लग्नाला बोलावलं तर ही बाई नवरदेवाला तिथंच ठेवील आणि त्याचा कोट घेऊन येईल."

"तुमचा कोट बरा असता, तर तुमच्याबाबतीतही हेच केलं असतं," मावशी पाण्याचा हबका चादरीवर मारत म्हणे.

दिवसाचे कपडे संपले, निखाऱ्यांवर राख धरली, इस्त्री निवत आली, की मावशीचा खरा दिवस सुरू होई. मलमलीच्या तुकड्याखाली पाकीट ठेवून त्यावरून ती अलगद इस्त्री फिरवी. दुमडलेले कान सरळ होत, सुरकुत्या विरत, आणि तिच्या ओठांवर नाम असे. मग जिन्यावरच्या आपल्या घरात, मागच्या खोलीत दोरी बांधून ती पाकिटे चिमट्यांनी टांगी. जांभळ्यावर पंखा घेतलेली बाई. गुलाबीवर झोपाळा. राखाडीवर बगळ्यांची माळ. संध्याकाळचा वारा खिडकीतून आला की ती सारी हलत, आणि हलता हलता वाटोळी भोके एका ओळीत येत. एकातून दुसरे दिसे, दुसऱ्यातून तिसरे. मावशी खाली बसून त्या बोगद्यात पाहत राही. तिला वाटे, पार पलीकडच्या टोकाला कोणीतरी गात बसले आहे. सूर इथवर पोहोचत नाही, एवढेच.

त्या टोकावरचा सूर एके दिवशी आपल्या पायांनी चालत घरी आला. वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे यजमानांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा इस्पितळात आयाचे काम करून हिनेच धाकट्या भावाला वाढवले. आता तिचे भाड्याचे घर सुटले होते. बरोबर आली एक ट्रंक, पेटीचा एक ग्रामोफोन आणि तबकड्यांची चळत. जीभ तेवढी अजून नव्या ब्लेडसारखी. दारातच त्यांनी सांगून टाकले, "काही दिवस बघते. करमलं तर राहीन. नाहीतर सासरकडच्या पुतणीनं बोलावलंय तिकडं."

भावाचा चेहरा पडला. "ताई, इथं नाही करमणार तर कुठं करमेल तुला?"

"तुझ्या घोरण्याची सवय मोडलीय रे मला."

नंतर यजमान स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "काहीही कर, पण ताई जाता कामा नये. मी दाराला कुलूप लावू शकतो गं, माणसाच्या मनाला नाही लावू शकत." मावशीने मनाशी ठरवले, की या बाईचा जीव इथे रमलाच पाहिजे.

दिवेलागणीला वन्संनी ग्रामोफोनची किल्ली फिरवली. चळतीतून एक पाकीट उचलून खिडकीशी नेले, क्षणभर उजेडात धरले, तबकडी काढली, सुई टेकवली. आणि काय सांगावे! हातात अर्धी घडी केलेली चादर तशीच धरून मावशी उभी राहिली. एक बाई गात होती, आणि तिच्या मागून बासरी येत होती, दूरच्या नदीच्या काठावरून यावी तशी. पाकीट निळे होते. त्यावर पांढरे पक्षी. पुढे रोज संध्याकाळी वन्सं गाणी लावत, पण शेवटचे गाणे हेच. "हे दिवसाचं दार लावायचं गाणं," त्या म्हणत. भाऊ म्हणे, "मग हा माझाच धंदा की, ताई!"

घर सुरांनी भरले. मावशी टेबलाशी उभी राहून ते निळे गाणे गुणगुणू लागली. वन्संची जीभही जराशी मऊ झाली. भावजयीला त्या 'इस्त्रीबाई' म्हणू लागल्या, आणि त्या म्हणण्यात आता बोचण्यापेक्षा गोंजारणेच अधिक होते.

पण वन्संची पाकिटे! काय त्यांची दशा होती! कोणाचा कोपरा फाटलेला, कोणाच्या अंगभर चुण्या, कोणाचा कान दुमडून दुमडून सुरकुतलेला. मावशीचे हात शिवशिवत. प्रेमाच्या माणसाला द्यावे तरी काय? ज्याच्याजवळ जे आहे, ते द्यावे. फुलवाल्याने फुले द्यावीत, इस्त्रीवालीने इस्त्री द्यावी. एके सकाळी भाऊ वन्संना दात दाखवायला घेऊन गेला, आणि मावशीने इस्त्री वर आणून दार लोटून घेतले.

तिने प्रत्येक तबकडी नव्या, ताठ, पांढऱ्या पाकिटात घातली. कडेला कड लावून चळत अशी रचली, की एखाद्या मोठ्या दुकानात ठेवावी. रंगीत पाकिटांचे दुमडलेले कान तिने ओल्या बोटाने उलगडले, फाटके कोपरे खळीने सांधले, मलमलीखाली इस्त्री फिरवली, आणि ती आपल्या ट्रंकेत, आपल्या पाकिटांमध्ये निजवली. सर्वांत शेवटी निळे. ते मलमलीखाली ठेवले आणि तिच्या ओठांवर ते गाणे आले. हात चालत होता. मन त्या नदीकाठी जाऊन बसले. बासरी जवळ येत होती, पाण्यावर पांढरे पक्षी उतरत होते, आणि तोच तिच्या नाकाला करपल्याचा वास आला.

एकाही गिऱ्हाइकाचा कपडा जिने कधी जाळला नाही, तिने ते पाकीट जाळले. निळ्या आकाशात, पक्ष्यांच्या मधोमध, इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग. मावशीने ते ट्रंकेच्या अगदी तळाशी सरकवले.

वन्सं परत आल्या. चळतीवरून त्यांनी हात फिरवला. एक पाकीट उचलले, खिडकीशी नेले, ठेवले. दुसरे उचलले. ठेवले.

"सगळी एकसारखी?"

"हो ना! आता कशी शोभतात! जुनी मी टाकली नाहीत हं, इस्त्री करून ठेवलीत माझ्याकडे."

वन्संनी चळतीची ताठ कड बोटाने चाचपली. मग म्हणाल्या, "छान केलंस, इस्त्रीबाई." आणि त्यांनी ग्रामोफोनचे झाकण लावले.

त्या संध्याकाळी गाणे वाजले नाही. दुसऱ्या संध्याकाळी नाही, तिसऱ्या नाही. दिवस येत, जात, आणि त्यांचे दार लावायला कोणी नसे. वन्सं खुर्चीत बसून राहत, विचारले तर म्हणत, "कंटाळा आलाय." मावशीच्या जिवाला घोर लागला. जेवणात काही कमी पडले? बोलण्यात काही गेले? आणि एके दिवशी वन्सं भावाला म्हणाल्या, "पुतणीला कळव. येते म्हणावं."

"ताई, आमचं काय चुकलं ते तरी सांग."

"चुकलं काही नाही रे. सगळं चांगलं आहे. फारच चांगलं आहे."

यजमान खाली येऊन टेबलाशी उभे राहिले, खिशातल्या किल्ल्या चाचपत. मावशीला त्यांच्याकडे वर बघवेना.

त्याच दुपारी कोळसे संपले म्हणून मावशी वर आली, आणि दाराशीच थबकली. वन्सं जमिनीवर बसल्या होत्या. भोवती पांढरी पाकिटे पसरलेली, जणू खोलीत धुके उतरले होते. त्या एक तबकडी लावत, दोन सूर ऐकत, सुई उचलत, मान हलवत. दुसरी लावत. ढोल वाजे, सुई उचलत. तिसरी लावत. शेवटी दमून त्यांनी हात मांडीवर टाकले आणि कोणाला तरी हाक मारावी तसे म्हटले, "कुठं गेलीस गं निळे?"

"वन्सं!" मावशी आत आली. "निळी कोण?"

वन्संनी चेहरा वळवला; पण तो मावशीकडे नाही, मावशीच्या जरा शेजारी वळला. आणि त्या एवढ्याशा चुकीत मावशीला सारे कळले.

"किती दिवस झाले?" तिने खाली बसत विचारले.

"तुला काय करायचंय?"

"वन्सं."

"बरेच," वन्सं म्हणाल्या. "वाफ धरलेल्या काचेतून बघावं तसं दिसतं. माणूस म्हणजे नुसती सावली. रंग तेवढे अजून कळतात, उजेडात धरले की. अक्षर मी कधी शिकलेच नाही, मग तबकडीवरचं नाव काय वाचणार? माझी गाणी रंगांची होती गं. गुलाबी म्हणजे सकाळ, नारिंगी म्हणजे पाहुणे आलेत, पोपटी दोन होती, त्यातली कान दुमडलेली हसरी आणि फाटक्या कोपऱ्याची रडकी. आणि निळी." त्यांनी समोरच्या पांढऱ्या पाकिटावर तळवा ठेवला. "इस्त्रीबाई, मला जेवढी अक्षरं येत होती तेवढी तू सपाट करून टाकलीस."

मावशीच्या डोळ्यांतून धार लागली. "मग बोलला का नाहीत? एका शब्दानं तरी?"

"बोलले असते तर तुम्ही दोघांनी मला काचेच्या बरणीसारखं फडताळात ठेवलं असतं. जन्मभर मी दुसऱ्यांना हात धरून चालवलं. आता माझा हात कोणी धरायचा नाही, असं ठरवलं होतं. एकेक गाणं लावून निळी शोधायची, आणि सापडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा हरवायची! त्यापेक्षा जाते ती बरी. आणि तू एवढ्या कौतुकानं ती पांढरी केलीस. तुझं मन कसं मोडायचं?"

पाहा ही प्रेमाची तऱ्हा! एकीने प्रेमाने दिले, दुसरीने प्रेमाने सोसले, आणि दोन प्रेमांच्या मध्ये बिचारे गाणे मुके झाले.

मावशीने ट्रंक ओढत आणली. पाकिटे जमिनीवर पसरली. वन्संची कोणती आणि आपली कोणती? दुमडलेले कान सरळ झाले होते, फाटके कोपरे सांधले गेले होते, चुण्या गेल्या होत्या. तिच्याच हाताने सगळ्या खुणा पुसल्या होत्या.

"लाव," वन्सं म्हणाल्या. "एकेक तबकडी लाव. मी रंग सांगते."

आणि मग त्या खोलीत जे झाले, ते पाहायला देवांनीही खिडकीशी दाटी केली असेल. मावशी सुई टेकवी. सारंगी निघे. वन्सं डोळे मिटून म्हणत, "जांभळी. पंखा घेतलेली." मावशी जांभळे शोधून काढी, तबकडीला घाली. ढोल वाजे. "नारिंगी. शिडाची नाव आहे तिच्यावर." मावशी हसून म्हणे, "माझ्याकडेही नाव आहे, वन्सं!" मग दोन्ही नावा समोर ठेवून ती तबकडीच्या मधल्या वाटोळ्या कागदाकडे पाही. भोकातून पडलेल्या उन्हाने तो कागद तेवढ्याच जागी विटलेला असे, आणि भोक कधी नेमके गोल नसे. कुठे दबलेले, कुठे कलते. जे पाकीट वर धरले की विटलेली कड भोकाच्या कडेला मिळे, ते त्या तबकडीचे. हसरी पोपटी अशीच सापडली, रडकी तशीच सापडली. ज्यांचे नुसते कपडे मावशीने आयुष्यभर चापूनचोपून ठेवले, ती गाणी आज एकामागून एक तिच्या पुढ्यात येऊन बसत होती, आणि वन्सं त्यांची ओळख करून देत होत्या.

यजमान संध्याकाळी आले, तेव्हा एकच तबकडी उरली होती. मावशीने ती लावली नाही. ट्रंकेच्या तळातून तिने निळे पाकीट काढले, दोन्ही हातांनी वन्संपुढे धरले, आणि म्हणाली, "वन्सं, हे मी जाळलं. तुमचं गाणं गुणगुणत होते, आणि भान राहिलं नाही."

वन्संनी पाकिटावर बोट फिरवले. डागाशी बोट थांबले. कागद तिथे कडक झाला होता.

"गुणगुणत होतीस?"

"हो."

"सुरात?"

"तेवढं नाही सांगता यायचं."

यजमान दारातून म्हणाले, "मी सांगतो, ताई. नव्हती." आणि कितीतरी दिवसांनी वन्सं मोठ्याने हसल्या.

पण हसू ओसरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "रंग मिळाले, बरं झालं. पण रंगही आता उसनेच आहेत माझ्याकडं. आणखी काही दिवसांनी निळं काय आणि नारिंगी काय, सगळी वाफच. तेव्हा पुन्हा तेच. जाऊ दे मला पुतणीकडं."

मावशी उठली. खाली गेली, आणि सुई-दोऱ्याची डबी घेऊन वर आली.

जिने कोणत्याही पाकिटाला टाचणी लावू दिली नाही, चिमट्याचा वळ उठू नये म्हणून मध्ये कापसाचा तुकडा घातला, तिने गुलाबी पाकीट मांडीवर घेतले आणि सुईत दोरा ओवला. सुई कागदात शिरताना बारीकसा आवाज झाला.

"अगं, काय करतेस? तुझी पाकिटं!" यजमान पुढे आले.

"माझी कुठली? ज्याचे कपडे त्याचे," मावशी म्हणाली. "वन्सं, बोट द्या. इथं, कोपऱ्यात. एक गाठ म्हणजे सकाळ. कळली?"

वन्संनी गाठ चाचपली. चेहऱ्यावर आधी राग आला, मग हट्ट आला, आणि मग दोन्ही निघून गेले. "कळली," त्या म्हणाल्या.

"दोन गाठी, पाहुणे. आडवा टाका, हसरी पोपटी. उभा टाका, रडकी. डॉक्टरांचा कोट मला डोळे मिटून कळतो, तुम्हाला तुमची गाणी नाही कळणार?"

"ती पंखेवाली? तिला काय देतेस?"

"तुम्ही सांगा."

"तिला तीन दे. ठसकेबाज आहे."

गाठीमागून गाठ पडत गेली, जणू नामाची माळ ओवली जात होती. शेवटी मावशीने निळे पाकीट उचलले आणि सुई त्याच्या कोपऱ्याशी नेली. तोच वन्संनी तिचे मनगट धरले.

"ह्याला नको."

"मग हे ओळखणार कसं?"

वन्संनी पाकीट नाकाशी नेले, आणि खोल श्वास घेतला. करपलेल्या कागदाचा, कोळशाचा, इस्त्रीच्या टेबलाचा वास. "ह्याला तुझा वास आहे," त्या म्हणाल्या. "हे मला अंधारातही सापडेल."

मग भावाकडे, म्हणजे त्याच्या जरा शेजारी, तोंड करून त्यांनी हुकूम सोडला, "पुतणीला कळव. म्हणावं, इथं गाठी मारायचं काम निघालंय, उरकलं की बघू." आणि मावशीला म्हणाल्या, "ती सगळी पांढरी टरफलं बाजारात घेऊन जा. तुझ्या रिकाम्या पाकिटांत बसतील अशी गाणी शोधून आण त्यांच्या बदल्यात. नुसते कपडे काय टांगून ठेवतेस?"

संध्याकाळ आत आली. वन्संनी चळतीत हात घातला, निळे पाकीट वास घेऊन काढले, सुई टेकवली. बाई गाऊ लागली. मागून बासरी आली. मावशीने सवयीने रिकामे पाकीट उचलून डोळ्यासमोर धरले. जळक्या डागाशेजारच्या वाटोळ्या भोकातून तिला वन्सं दिसल्या, डोळे मिटलेल्या, मान डोलावणाऱ्या. त्यांच्यापुढे काळी तबकडी फिरत होती. बोगद्याच्या त्या टोकाला जे कोणी गात बसले होते, ते आता एवढ्या जवळ होते, की मावशीने पाकीट खाली ठेवले आणि ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.